अक्षतेचा एक दाणा

मित्रांनो, मोटारीचं चाक किती कललं आहे ते सांगणारा मी एक जुना गेज आहे. वीतभर ॲल्युमिनियमची पट्टी, तिच्यावर अंशांच्या खुणा आणि काचेच्या नळीत एक बुडबुडा, एवढाच माझा संसार. पण कांजूरमार्गच्या गॅरेजमध्ये माझा शब्द शेवटचा असे. त्याचा मला तोरा होता, हे आधीच कबूल करतो.

माझे धनी दत्ताराम. मूळचे मालवणचे, नजर बारीक, बोलणं कमी. ते मला रिमला टेकवत, बुडबुडा पाहत आणि चाकाचा माथा आत-बाहेर सरकवत. त्याआधी प्रत्येक वेळी जुन्या बनियनच्या फडक्याने माझा तळ पुसत. तळाशी कचरा असला की मी खोटं बोलतो, हे त्यांना ठाऊक होतं.

पार्ल्याची श्रुतिका ऑफिसात नोकरी करायची आणि सुट्टीच्या दिवशी बंदिस्त मैदानावर गाडी घसरवत वळवायला शिकायची. ड्रिफ्टिंग म्हणतात त्याला. त्यात पुढची दोन्ही चाकं माथ्याशी आत कललेली लागतात, आणि तीही अगदी सारखी. आपली निळी गाडी ती दत्तारामांशिवाय कुणाच्या हाती देत नसे.

दसऱ्याला आम्हा अवजारांची पूजा झाली. पाटावर मला उताणं ठेवलं होतं. तळाला ओलं कुंकू लागलं, वर अक्षता पडल्या. मी काय मिरवलो म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशी सकाळीच श्रुतिका गाडी घेऊन आली. दत्तारामांनी फडकं उचललं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"देवाचा कुंकू फडक्यान पुसूचा नाय," ते पुटपुटले.

त्या कुंकवात एक दाणा रुतून बसला होता. डाव्या चाकाला मी एका अंशाने खोटं बोललो. उजव्या चाकाकडे नेताना दाणा गळून पडला आणि तिथे मी खरं बोललो; दोन चाकांत एका अंशाचा फरक राहिला. मला सगळं कळत होतं, पण सांगणार कसं?

"झकास, काका!" म्हणत श्रुतिका गेली.

रविवारी मैदानावर एका वळणाला गाडी छान घसरली. उलट वळणाला मात्र गर्रकन फिरली आणि टायरच्या भिंतीवर आदळली. श्रुतिकाचं मनगट मोडलं.

"माझी नजर गेली," दत्ताराम म्हणाले. मला खणात टाकलं आणि चाकांचं काम सोडूनच दिलं. तीस वर्षांचा तो हात माझ्यामुळे थांबला. अंधारात मी स्वतःला खात राहिलो.

महिन्याभराने श्रुतिका प्लास्टरातला हात घेऊन आली. "काका, मीच जोरात पाय दाबला असेल ना! तुम्ही काम का सोडलंत?" असं म्हणत तिने खण उघडला आणि मला उलटं धरलं. वाळलेल्या कुंकवात तांदळाच्या दाण्याएवढी जागा कोरी होती.

"इथे काय चिकटलं होतं हो?"

दत्तारामांनी त्या कोऱ्या जागेवरून नख फिरवलं. "अक्षतेचो दाणो. मीच तळ पुसूक नाय गो, बाय."

"म्हणजे नजर शाबूत आहे तुमची! मग माझी गाडी कोण सेट करणार?"

त्यांनी फडकं घेतलं. माझा तळ पुसताना ते माझीच माफी मागत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मित्रांनो, आमची पूजा जरूर करा. कुंकू आमच्या पाठीवर लावा, आणि कामाला घेण्याआधी तळ पुसा. त्याने देव रागावत नाही. आता दत्ताराम पुन्हा चाकं लावतात. श्रुतिका येते, स्टिअरिंग फिरवते, तेव्हा तिचं मनगट कट्‌कन वाजतं. ती हसून सोडून देते. माझा बुडबुडा मात्र तिच्या गाडीपाशी जरा उशिरानेच स्थिर होतो.