नावाआधीचं अक्षर

नागूबाईने शाईच्या पॅडवर अंगठा दाबला, मस्टरवर वाकली आणि अंगठा तसाच अधांतरी धरून थांबली.

"इथं, तुमच्या नावासमोर," धर्मपालने ओळीवर बोट ठेवलं.

ओळ तिला केव्हाच सापडली होती. वाचता येत नसलं तरी पंधरा वर्षं दर एक तारखेला ती हीच ओळ बघत आली होती. आधी एक छोटं अक्षर, त्याला टिंब, मग तिचं नाव, मग नवऱ्याचं, मानसिंगचं. आज ते छोटं अक्षर नव्हतं. त्या जागी लांबलचक काहीतरी होतं आणि ते तिच्या ओळखीचं होतं. झाडलोट करणाऱ्या केराबाईचा नवरा वारला तेव्हा हेडक्लार्क शंकरप्पांनी तिच्या नावाआधीचं 'सौ.' काढून हेच लिहिलं होतं.

"ह्ये काय लिवलंय, सायेब?"

"श्रीमती."

नागूबाईने टेबलाची कड धरली. अंगठ्याची शाई फळीला लागली, तिला कळलं नाही.

"कवा? कुटं गेले? कुणी सांगितलं तुमास्नी?"

धर्मपालला आधी काहीच उमगेना. चार महिन्यांपूर्वी कॉलेज संपवून तो कचेरीत लागला होता. पाणी भरणाऱ्या नागूबाईला अहो-जाहो करणारा तिथला तो पहिलाच माणूस. मग एकदम उमजून तो उठून उभा राहिला.

"अहो, तसं काही नाही! वरून पत्र आलंय कालच. आता सगळ्याच बायकांना श्रीमती लिहायचं. लग्न झालंय, नाही झालं, काही बघायचं नाही. या दाक्षायणीबाईंचं नाव बघा, त्याही श्रीमती."

टायपिस्ट दाक्षायणीला तासाभरापूर्वीच तिच्या नवऱ्याने सायकलवरून फाटकाशी सोडलं होतं. टाइप करता करताच ती म्हणाली, "मला तरी कुठं आवडलंय? घरी सासूबाईंना सांगायची सोय नाही."

नागूबाई मटकन खाली बसली. गळ्यातले काळे मणी मुठीत धरून हसली, पण हसू नीट उमटलं नाही.

मानसिंग होटगीला रेल्वेच्या गँगमध्ये होता. आठ वर्षांपूर्वी घरात वादावादी झाली आणि तो काम सोडून निघून गेला. कुणी गुंतकलला पाहिला म्हणे, कुणी आणखी पुढे. पत्र आलं नाही, पण वाईट बातमीही आली नाही. नागूबाई रोज कुंकू लावून कचेरीत येत होती.

पाण्याची घागर भरून ती आतल्या खोलीत गेली. शंकरप्पांची निवृत्ती जवळ आली होती. मस्टरचं काम त्यांनी या महिन्यापासून धर्मपालकडे दिलं होतं. कपाटाकडे तोंड करून ते जुन्या कागदांचे गठ्ठे बांधत होते. मघाचं सांगून त्यांना हसवावं, असं तिच्या मनात होतं. आवाज मात्र अजून कापत होता.

"आप्पा, म्या श्रीमती झाले न्हवं."

शंकरप्पांचे हात गठ्ठ्यावर थांबले. ते वळले नाहीत.

"कळलं तर तुला," ते म्हणाले. "कधीतरी कळणारच होतं, नागू. दीर आला होता का?"

नागूबाईने घागर खाली ठेवली. ती कलंडली. पाणी फरशीवरून कपाटाखाली गेलं.

आवाजाने शंकरप्पा वळले. तिचा चेहरा बघून त्यांचा हात तोंडाशी गेला.

"म्हणजे... कोणी नाही सांगितलं?"

"आता तुमीच सांगा."

ते खुर्चीत बसले.

"रायचूरला. दुष्काळाच्या उन्हाळ्यात. तिथंच अग्नी दिला. तुझा दीर आधी माझ्याकडं आला. तुझ्या वच्छलाचं लग्न आठ दिवसांवर होतं की. म्हणाला, लग्न होऊ दे, मग सांगू."

"मग?"

"मग लग्न झालं. तू त्याच आठवड्यात पेढे घेऊन आलीस. मला जमलं नाही बघ. दर महिन्याला मस्टर लिहायला बसलो की वाटायचं, आज सांगावं. आणि सौ. लिहून मोकळा व्हायचो."

"तवापासनं चार डाव वडाला दोरा गुंडाळला म्या," नागूबाई म्हणाली. रडली नाही. जणू दुसऱ्याच कुणा बाईचं सांगत होती. "माझ्या वच्छीला ठावं हाय?"

शंकरप्पांनी खिडकीबाहेर बघत मान डोलावली.

वच्छला दर दिवाळीला वैरागहून यायची. येताना हिरव्या बांगड्या आणायची. कासाराकडे नको म्हणायची, आईचे हात मांडीवर घेऊन स्वतः भरायची.

"नागू," शंकरप्पा म्हणाले, "पाणी तरी पी."

ती तोवर बाहेरच्या खोलीत गेली होती. धर्मपालने हाक मारली, "नागूबाई, बरं वाटत नाही का?" तिने ऐकलं नाही. पंधरा वर्षांत पहिल्यांदा ती न विचारता कचेरीची पायरी उतरली आणि एसटी स्टँडवर आली. वैरागच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. गाडी गावाबाहेर पडेपर्यंत ती दोन्ही हात पदराखाली घेऊन बसली.

शेजारी एक म्हातारी होती, मांडीवर भाजीचं गाठोडं घेतलेली. तिने सुपारी पुढे केली.

"लेकीकडं निगाला व्हय?"

"व्हय."

"बरं हाय. मालक काय करत्यात?"

इतकी वर्षं या प्रश्नाला नागूबाईचं उत्तर ठरलेलं असे.

"रेल्वेत व्हते," ती म्हणाली.

म्हातारीचं लक्ष तिच्या कपाळावरच्या कुंकवाकडे गेलं. थोड्या वेळाने तिने गाठोडं उचलून पायाशी ठेवलं आणि नागूबाईच्या जवळ सरकून बसली.