ओढ्याचा पक्का रंग

कंपनीनं नवं काय काढलं, हे भागूबाई परटिणीला सगळ्यांच्या आधी कळायचं. तिच्या धुण्याच्या दगडाखालून कंपनीचं सांडपाणी जायचं ना. साखर कारखान्याच्या मळीपासून स्पिरिट सुरू झालं तेव्हा बेलापूरजवळचा तो ओढा काळा पडला. ॲसिड आलं तसे खेकडे आणि बेडूक गेले. मग पिकांवरची पावडर, भिंतींचे रंग, आणि आता कापडाचे रंग. माल इराणला गेला, केनियाला गेला, की शिपाई वस्तीवर पेढे वाटत यायचा. लोकही असे भोळे, की नाकाला पदर लावून पेढे खायचे. भागूबाईला ह्या लोकांचाही राग यायचा.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात तर ओढ्याला कंपनीचं सोडून दुसरं पाणीच नव्हतं. दुष्काळानं विहिरी कोरड्या पडलेल्या. ओढ्याच्या वाळूत झिरे खणून, जे पाझरेल त्यावर भागूबाई आणि तिचा नवरा आसाराम धुणं ओढत होते. तेही कंपनीचंच धुणं. गावाकडं धुवायला टाकण्याजोगं उरलं होतं काय? "ओढ्याचं काहीतरी करा," म्हणून तिनं मॅनेजर काकासाहेबांच्या दारात कितीदा चपला झिजवल्या होत्या. काकासाहेब ह्याच गावचे. त्यांची लंगोटी भागूबाईच्या सासूनं धुतलेली. "बघतो हं मावशी," एवढं गोड बोलून ते तिला वाटेला लावत.

अशात इटलीचा एक कापडगिरणीवाला रंग खरेदीला यायचं ठरलं. गेस्ट हाऊसच्या चादरी, टेबलावरची कापडं आणि काकासाहेबांचं ठेवणीतलं धोतर परटाकडं आलं. सोबत निरोप, की सगळं बगळ्याच्या पिसासारखं पाहिजे.

आसारामनं पहाटे अंधारातच झिऱ्याचं पाणी भट्टीत भरलं, धुण्याचा सोडा टाकला, कपडे सोडले आणि जाळ लावला. उजाडल्यावर भागूबाईनं झाकण काढलं, तर आत सगळं निळंभोर. पाहुण्याला कारखाना लखलखीत दिसावा म्हणून कंपनीनं रात्री रंगाच्या टाक्या धुऊन सगळं पाणी ओढ्यात सोडलं होतं. तिनं कपडे आपटले, घासले, ब्लीचिंग पावडर लावली. हात कोपरापर्यंत निळे झाले, पण कापडावरचा निळा काही हलेना.

थोड्या वेळानं काकासाहेब जीपमधून आले आणि धोतर पाहून त्यांचा पारा चढला.

"मावशी, आजच्याच दिवशी घात केलात."

"म्या केला? रातच्याला टाक्या कुनी सोडल्या?"

"पाणी बघून भरायचं कुणी? आजपासून कंपनीचं धुणं बंद."

आसाराम हात जोडून त्यांच्या मागं धावला. "साहेब, पदरात घ्या. पुन्यांदा असं व्हनार न्हाई." ते ऐकून भागूबाईच्या अंगाची लाही झाली. ज्यांनी ओढा नासवला ते जीपमधून बोट दाखवणार, आणि तिच्या नवऱ्यानं माफी मागायची?

तिनं ओला ढीग गाढवावर टाकला, थेट कंपनीच्या फाटकासमोर गेली आणि दोन कडुलिंबांना दोरी बांधून निळ्या चादरी वाळत घातल्या. मधोमध काकासाहेबांचं धोतर. पाहुण्याची मोटार येताच ती आडवी उभी राहिली.

"सांगा ह्या पाव्हन्याला," ती सोबतच्या इंजिनिअरला म्हणाली. "ह्यांच्या कंपनीनं आमचा ओढा असा केलाय. हात सोलवटले, पर रंग निघत न्हाई."

इंजिनिअर फाटकात स्वागताला उभ्या काकासाहेबांकडं बघत काहीतरी इंग्रजीत बोलला. पाहुणा खाली उतरला. त्यानं खिशातला पांढरा रुमाल ओला करून धोतरावर खसाखसा घासला आणि उन्हात धरून पाहिला. रुमाल पांढराच राहिला. पाहुण्याचा चेहरा खुलला. त्यानं काकासाहेबांचा हात दाबला, मग भागूबाईचे निळे हात पाहून तिला वाकून नमस्कार केला.

"काय म्हनतोय त्यो?"

"म्हणतो, असा पक्का रंग त्यानं कुठंच पाहिला नाही," इंजिनिअर खाली मान घालून म्हणाला.

 भागूबाईनं गाऱ्हाणं मांडलं होतं, आणि ह्या लोकांनी त्याची जाहिरात केली.

दुपारी मोठा सौदा झाला. संध्याकाळी ओढ्याकाठच्या मांडवात सभा भरली. रंगाचा कारखाना दुप्पट होणार, कंपनी युरोपात जाणार, असं काकासाहेबांनी माईकवर जाहीर केलं. मग भागूबाईला मंचावर बोलावून पांढरी शाल पांघरली आणि हातात नारळ दिला. "ह्या माउलीमुळं आपला माल साता समुद्रापार चालला. कंपनीचं सगळं धुणं पुन्हा हिच्याकडंच." टाळ्यांचा कडकडाट झाला. सर्वांत जोरात टाळ्या तिच्या वस्तीचेच लोक वाजवत होते, ज्यांच्या पोरांच्या अंगावर त्याच पाण्यानं खरूज उठली होती.

भागूबाई खाली उतरली आणि ओढ्यात गेली. झिऱ्यात शाल बुचकळली, न पिळता तशीच उचलून आणली आणि काकासाहेबांच्या खांद्यांवर नीट पांघरली. त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावरून निळे ओघळ पोटापर्यंत आले. 

"आता तुमचा सत्कार, काकासाहेब," ती माईकजवळच बोलली, म्हणून ते शेवटच्या माणसापर्यंत गेलं. "वहिनीसायबांना म्हनावं, धुवून बघा. कंपनीचं धुनं मला नगं. माझा ओढा हुता तसा करा, मंग निरोप धाडा."

तिनं नारळ टेबलावर ठेवला. उद्या चूल कशी पेटणार, हे तिला ठाऊक नव्हतं, पण मान ताठ होती. मांडवाच्या टोकाला उभ्या आसारामनं एकदा काकासाहेबांकडं पाहिलं. सकाळी जोडलेले हात त्यानं ह्या वेळी जोडले नाहीत. फाटकासमोर जाऊन त्यानं लिंबांना बांधलेली आपली दोरी सोडली, गाढवावर टाकली आणि तो बायकोच्या मागं चालू लागला.