पॉवर कमी पडते

“दहा मिनिटं,” असं म्हणून लिफ्टवाल्यांनी पुन्हा इंजिनात डोकं घातलं.

टेलरबाई दारात उभ्या होत्या. गळ्यात टेप, एका हातात दुकानाची किल्ली, दुसऱ्या हातात घरी आणून काजं केलेल्या पांढऱ्या कोटांचं गाठोडं. नवऱ्याची दहा मिनिटं म्हणजे काय हे त्यांना लग्नाच्या पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं. दहा मिनिटांत येतो म्हणून गेलेला हा माणूस कुठल्याशा इमारतीच्या बिघडलेल्या लिफ्टपाशी रात्र काढून सकाळी घरी उगवायचा. पण तेव्हा निदान लोक आत अडकलेले असायचे. आता एकच माणूस अडकला होता, आणि तो म्हणजे त्या स्वतः.

अंगणात एटीव्ही उघडीवाघडी पडली होती. मोटरसायकलचं हँडल आणि ट्रॅक्टरच्या वळणाची चार जाडजूड चाकं, असं ते प्रकरण. सीट भिंतीला टेकवलेली, टाकी उतरवलेली, नटबोल्ट बाईंच्या अस्तराच्या कापडावर ओळीनं मांडलेले. शेजारी रॉकेलमध्ये काहीतरी काळंकुट्ट भिजत होतं, आणि ते ज्यात भिजत होतं ते भांडं बाईंच्या चांगलंच ओळखीचं होतं.

“ते माझं दुधाचं पातेलं आहे.”

“धुऊन देतो.”

“रॉकेलचा वास धुऊन जातो का?”

“अगं, जुनंच होतं ना ते.”

“जुनी तर मीही आहे. उद्या मला भिजत घालाल.”

लिफ्टवाले हसले नाहीत. त्यांनी ऐकलंच नव्हतं.

घर टेकडीवर होतं. निवृत्तीनंतर उंचावर राहायचं हे लिफ्टवाल्यांचं जुनं स्वप्न. जन्मभर लोकांना वर पोचवून स्वतः जिन्यानं खाली आलेल्या माणसाचं दुसरं काय स्वप्न असणार. वर हवा छान होती, शेजाऱ्यांची कटकट नव्हती आणि डांबरी रस्ताही नव्हता. तो खाली दुकानांच्या ओळीपाशीच संपायचा. तिथून पुढे दगडाखडीची कच्ची वाट, आणि शेवटी एक उभं वळण असं, की पाहुणे ते बघूनच फोन करायचे, तुम्हीच खाली या म्हणून. त्या दुकानांच्या ओळीत बाईंचं शिवणकामाचं दुकान होतं, मुलगी पाळण्यात होती तेव्हापासूनचं.

बाईंचा गुडघा झिजला. चढणं कठीण झालं आणि उतरणं त्याहून कठीण, तेव्हा ही जुनी गाडी घेतली. चालवायचे लिफ्टवाले, मागच्या कॅरिअरवर, बाईंनीच शिवलेल्या गादीवर, बाई. उतरताना गाडी गुणी बाळासारखी जायची. वर येताना मात्र शेवटच्या वळणावर घरघरायची आणि बंद पडायची.

“पॉवर कमी पडते,” लिफ्टवाले म्हणाले, आणि त्या दिवसापासून घराला साडेसाती लागली.

बाईंच्या दुकानाला लागूनच स्पेअर पार्टचं दुकान होतं. तिथला पार्टवाला बोलण्यात पटाईत. “काका, ओरिजनल सायलेन्सर म्हणजे इंजिनाचं नाक दाबून धरल्यासारखं आहे. मोकळा बसवा.” मोकळा बसवला, तर गाडी कानठळ्या बसतील अशी ओरडू लागली आणि तापू लागली. तापते म्हणून कार्बोरेटरला मोठा जेट. पेट्रोल जास्त जातंय तर हवाही जास्त पाहिजे, म्हणून एअर फिल्टर मोकळा. त्यातून धूळ आत गेली आणि पिस्टनला ओरखडे पडले. पिस्टन बदलायचाच आहे तर काका, मोठाच टाकू या. बाईंकडेही असली गिऱ्हाइकं यायची. बाही सैल करा म्हणतात, मग खांदा उतरतो. खांदा उचला म्हणतात, मग गळा चढतो. शेवटी नवीन कापड घेऊन येतात. अशा बाईला टेलरबाई पहिल्याच फेरीत सांगून टाकायच्या, आहे तसा घाला, छान दिसतोय. नवऱ्याला तसं सांगायची सोय नव्हती.

त्यांना कळत नव्हतं असं नाही. नोकरीत या माणसाला एक स्क्रू इकडचा तिकडे करायची मुभा नव्हती. कंपनीचं पुस्तक म्हणेल तेवढंच तेल, म्हणेल तेवढाच ताण. आता पहिल्यांदा स्वतःचं यंत्र हाताशी आलं होतं, आणि हात शिवशिवत होते. पण हे कळून बाईंचा गुडघा काही टेकडी उतरून जात नव्हता.

फोन वाजला. दवाखान्याच्या मेट्रनबाई होत्या. तिथल्या सगळ्या नर्सेसचे कोट टेलरबाईच शिवायच्या.

“काल दुकान बंद, परवाही बंद. आम्ही काय समजायचं?”

“गाडीचं जरा काम निघालंय.”

“गेल्या महिन्यातही निघालं होतं. हे बघा, तुमच्या हातची फिटिंग माझ्या मुलींना आवडते म्हणून मी थांबलेय. उद्या दुपारी येते. तेव्हाही कुलूप दिसलं तर सगळं काम रेडिमेडवाल्याला देऊन टाकीन. राग मानू नका.”

राग कसला मानणार. मेट्रनबाई बरोबरच बोलत होत्या. दवाखाना गेला की दुकानात उरणार पँटच्या चेन आणि पडद्यांच्या कडा. तेवढ्यावर दुकान चालत नाही.

“ऐकलंत?” त्यांनी नवऱ्याला विचारलं.

“ऐकलं. उद्या सकाळी गाडी तयार. शब्द देतो.” पाना पुसता पुसता लिफ्टवाले सहज म्हणून गेले, “नाहीतरी किती दिवस राबणार आहेस? बंद करून टाक दुकान. मस्त वर बस, हवा खा.”

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. हवा खा म्हणे. त्या दुकानात टेबलावर कापड पसरून कात्री हातात घेतली की त्यांना गुडघाही आठवत नसे. आणि ते दुकान कुणी मोडत नव्हतं, जळत नव्हतं, त्यात खोट आली नव्हती. ते बंद पडणार होतं एका सायलेन्सरपायी. त्या पदर खोचून वळल्या. आत गेल्या आणि भांडी अशी घासली, की लिफ्टवाल्यांनी दुपारचा चहा मागायची हिंमत केली नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी खरंच तयार होती. सुरू झाली तशी झाडावरची पाखरं उडाली. बाई कानात कापूस घालून मागे बसल्या आणि दहा वाजायच्या आत दुकानाचं शटर वर गेलं. दुपारी मेट्रनबाई आल्या, एक कोट अंगात घालून त्यांनी हात वरखाली करून पाहिले आणि समाधानानं मान हलवली.

“सोमवारपासून नवीन मुलींना मापं द्यायला पाठवते. रोज थोड्या थोड्या येतील. पण दुकान रोज उघडं पाहिजे.”

“असेल,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी वहीत सोमवारची नोंद केली.

संध्याकाळी शटर ओढताना शेजारून पार्टवाल्यानं विचारलं, “काय काकू, झाली की नाही काकांची गाडी रॉकेट?”

“झाली. आता ते परत घरी येतं का, बघायचंय.”

चढाला गाडी सुसाट निघाली. निम्म्या वाटेपर्यंत बाईंनाही वाटलं, सुटलो बाबा एकदाचे. मग ते उभं वळण आलं. लिफ्टवाल्यांनी अंगठ्यानं रेस दाबली, इंजिन नुसतं गरजलं आणि एकदम हिसका बसून पुढची दोन्ही चाकं हवेत उठली. बाई गादीसकट मागे घसरल्या आणि कडेच्या मऊ मातीत जाऊन बसल्या. गाडी पुढचं अंग आपटून थोडी सरपटली, दरडीला टेकली आणि बंद पडली. जळकट वास सुटला.

लिफ्टवाले धावत आले. चेहरा पांढराफटक. “लागलं का? गुडघा?”

“गुडघा आहे जागेवर. कोपर सोललंय.”

त्यांनी रुमाल काढून कोपरावरची माती हलकेच पुसली. ते पाहून बाई गप्प राहिल्याही असत्या. पण लिफ्टवाले गाडीकडे वळून म्हणाले, “क्लच एकदम पकडतोय. स्प्रिंग बदलली ना, की...”

“अहो,” बाई म्हणाल्या, “तुम्हाला मला वर न्यायचंय की इंजिनाला?”

लिफ्टवाले त्यांच्या शेजारी मातीतच बसले. हातातला रुमाल त्यांनी चुरगळला.

“सगळी नोकरी माणसं वर नेण्यात गेली माझी,” ते म्हणाले. “कोण कुठली माणसं. माझ्या लिफ्टमध्ये कधी कुणाला साधं खरचटलं नाही. आणि स्वतःच्या बायकोला एवढंसं वर नेता येत नाही. इथे गाडी बंद पडली की तू काही बोलत नाहीस, गुपचूप उतरतेस, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.”

यावर बाईंचा राग विरघळायला हवा होता. विरघळला नाही, उलट वाढला. इतके महिने त्या रॉकेलच्या वासात झोपल्या होत्या, मेट्रनबाईंची बोलणी खाल्ली होती, आणि हे वाक्य पोटात ठेवून हा माणूस पिस्टन आणत होता.

“हे सायलेन्सर बदलायच्या आधी सांगायचंत,” त्या म्हणाल्या. “एक मला सांगा. लिफ्टमध्ये माणसं जास्त झाली आणि लिफ्ट हलेना, की तुम्ही काय करायचात? मोठी मोटार बसवायचात?”

“छे. मोटार कशाला? ती ठरलेल्या वजनाचीच असते.”

“मग?”

“एकाला उतरायला सांगायचो.”

बोलून गेले आणि त्यांचं तोंड तसंच उघडं राहिलं.

“मग उतरा,” बाई म्हणाल्या.

“म्हणजे? गाडी कोण चालवणार?”

“मी.”

“तू?”

“हिला गिअर नाहीत, हे तुम्हीच घेताना सांगितलंत. माझं शिवणयंत्र मोटारीवर चालतं. त्याची रेस पायाखाली असते. एकच टाका पुढे जायचं तर मी एकच टाका जाते. इथे रेस अंगठ्याखाली आहे, एवढंच.”

“पण चढ आहे गं हा.”

“दिसतोय मला. त्याच्यावरच बसलेय.”

त्या दिवशी नवऱ्याच्या खांद्याला धरून, थांबत थांबत, त्या घरी पोचल्या तेव्हा दिवेलागण झाली होती. दुसऱ्या सकाळी लिफ्टवाल्यांनी दोरी लावून, ढकलून गाडी अंगणात आणली आणि माळ्यावरून तेलकट कागदात गुंडाळलेले मूळचे सगळे भाग खाली काढले. कंपनीचा माल टाकून द्यायची सवय त्यांना कधी नव्हतीच. दोन दिवस ते अंगणातच होते. मोठा पिस्टन सिलिंडरसकट काढला, मूळचा ओरखडे घासून बसवला, मोकळा सायलेन्सर उतरवला. पार्टवाल्यानं वापरलेला माल परत घ्यायला नकार दिला, तेव्हाही ते त्याच्याशी भांडले नाहीत. बाईंना त्यांचा पडलेला चेहरा बघवेना. पण गोड बोलायलाही जीभ वळेना, म्हणून त्यांनी नुसता चहा नेऊन ठेवला.

रविवारी अंगणात शिकवणी झाली. लिफ्टवाले हँडल सोडेनात. बाई सीटवर, आणि हे शेजारून हँडल धरून चालतायत, लहान मुलाच्या सायकलमागे चालावं तसे.

“सोडा आता.”

“सोडलंय.”

“मग हा हात कुणाचा?”

सोमवारी मापं द्यायला मुली आल्या, हसल्या, खिदळल्या, दोघींनी कोटाला जास्तीचा खिसा मागितला. बाईंचा दिवस कसा गेला ते त्यांना कळलंही नाही. संध्याकाळी त्यांनी शटर ओढलं आणि त्या गाडीवर बसल्या. लिफ्टवाले पिशवी घेऊन मागून चालत निघाले. गाडीचा आवाज पहिल्यासारखा खालच्या पट्टीतला झाला होता.

“अंगठा सोडू नकोस.”

“हं.”

“एकसारखा दे. हिसका नको.”

“हं.”

“डावीकडे दगड आहे.”

“डोळे शाबूत आहेत माझे. झिजलाय तो गुडघा.”

वळण आलं. बाईंनी अंग पुढे झुकवलं, अंगठा होता तसाच ठेवला. गाडी घरघरली, एकेका दगडावरून चढली, आता बंद पडते की काय असं वाटता वाटता वर आली. बाईंच्या छातीत आनंद मावेना. मोठ्यानं हसावंसं वाटलं त्यांना. आता ह्यांनी काहीतरी म्हणावं, निदान रेस कमी कर तरी म्हणावं, म्हणून त्या वाट बघत राहिल्या. मागून सूचना यायच्या बंद झाल्या होत्या.

मग त्यांना तो आवाज आला. गाडी अजूनही तशी ओरडत असती तर आला नसता. श्वासाचा आवाज होता, फाटल्यासारखा, तुटक. या घरात राहायला आल्यापासून हा चढ लिफ्टवाले कधी एका दमात पायी चढलेच नव्हते. आजवर वयाची चर्चा फक्त गुडघ्याच्या निमित्तानं आणि फक्त एकाच माणसाची होत आली होती.

बाईंनी मागे वळून पाहिलं नाही. वळून पाहिलं असतं तर लिफ्टवाल्यांना ते आवडलं नसतं. त्यांनी हळूच अंगठा उचलला, ब्रेक दाबला आणि गाडी बंद केली.

लिफ्टवाले वर आले. कॅरिअरला धरून उभे राहिले. बोलता येईना इतका दम लागला होता.

“का... का थांबलीस? इंजिन तापलं?”

“हो. जरा तापल्यासारखं वाटतंय.”

लिफ्टवाले इंजिनापाशी वाकले. जवळ हात नेऊन धग पाहिली, वास घेतला, मान तिरकी करून ऐकलं. ते इंजिन किती तापतं आणि किती तापलेलं चालतं, हे त्यांच्याइतकं या जगात कुणाला ठाऊक नव्हतं.

“हो,” ते म्हणाले. “निवू दे जरा.”

आणि पिशवी मांडीवर घेऊन ते वाटेच्या कडेला बसले.