राजाची उडी

सिंधीपुऱ्यातल्या घरी बुद्धिबळाचा लाकडी पट खिडकीत पालथा पडला होता आणि श्रीकांतराव टॅबलेटशी भांडत होते. लेक स्नेहल इंदूरहून आली, "बाबा, कंप्युटरशी खेळा" म्हणून तो ठेवून गेली. तेव्हापासून मालतीबाईंचा त्यांच्याबरोबरचा संध्याकाळचा डाव बंद पडला. शाळेतल्या मुलींना जन्मभर भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या मालतीबाईंना दिवसभरात तेवढीच एक गोष्ट हवी असायची.

यंत्र पाठांतरावर जिंकतं, हा श्रीकांतरावांचा सिद्धांत. म्हणून ते मोहऱ्यांची मागची रांग दरवेळी उलटसुलट मांडणारा खेळ खेळत. मांडणी कोणालाच पाठ नाही, म्हणजे दोघं सारखे.

"सारखे कसे?" मालतीबाई मेथी निवडत म्हणाल्या. "पाठांतर काढलं, तरी त्याचा हिशोब कुठे जातो?"

"तू चूप बस. ह्याला एकदा हरवतो, मग तुझ्याशी खेळतो."

"म्हणजे या जन्मी नाही."

आज मात्र डाव रंगला. यंत्राची पातळी त्यांनी गुपचूप सगळ्यात खाली आणली होती. मालतीबाईंनी ते पाहिलं होतं, पण बोलल्या नव्हत्या. यंत्राचा वजीर कोपऱ्यात अडकला. श्रीकांतरावांनी राजावर बोट ठेवून त्याला दोन घरं पुढे आणि एक घर बाजूला सरकवलं. राजा परत जागेवर आला. पुन्हा सरकवला. पुन्हा परत.

"हा मानतच नाही. माझ्या राजाला अजून शह लागला नाही, घोड्यासारखी एक उडी बाकी आहे."

"अहो, ती आपल्या घरात. त्याच्या नियमात राजाला उडी नाही."

"पहिले नाही सांगायचं?"

"तुम्हीच म्हणालात, चूप बस."

तेवढ्यात घड्याळात श्रीकांतरावांची वेळ संपली. यंत्र जिंकलं.

"ही सवय तुझ्यामुळे लागली," श्रीकांतराव म्हणाले. तेही खरंच होतं. उडी मालतीबाईंच्या जैनाबादच्या माहेरची. ती नसेल तर मी खेळणार नाही, असं त्यांनी लग्न झाल्याझाल्याच बजावलं होतं.

मग टॅबलेट बाजूला सारून श्रीकांतरावांनी पट सुलटा केला.

"उडी आहे ना?"

"आहे," मालतीबाई म्हणाल्या.

"पण मांडणी उलटसुलट. शास्त्रशुद्ध."

मालतीबाईंनी उसासा टाकला. मोहरे चाळणीत घेऊन वर पदर धरला. "न बघता काढा. पण दोन्ही उंट एकाच रंगावर आले तर पुन्हा काढायचे. भांडायचं नाही."

दोन्ही उंट काळ्यावर आले. श्रीकांतराव भांडले.