सात नंबरची बेल

माईंच्या धाकट्याला एक भारी वाईट खोड होती. प्रश्न पुरता ऐकायच्या आत तो "हो, हो" म्हणून मोकळा व्हायचा. डोळे फोनवर, अंगठा फोनवर आणि मान आपली डोलतेय.

"तुझ्या लग्नात तुझ्या हातात फोन नव्हता हे नशीब," माई म्हणायच्या. "नाहीतर कुणाच्याही पोरीला हो म्हणाला असतास."

सून हसायची. तो हसायचा नाही, कारण त्यानं ऐकलेलंच नसायचं.

गुडघ्याचं ऑपरेशन होऊन माई घरी आल्या त्याला नऊ दिवस झाले होते, आणि नऊही दिवस त्या हॉस्पिटलच्या फोनची वाट बघत होत्या. बटणांचा फोन उशाशी. अंघोळीला जाताना तो सुनेच्या हातात द्यायच्या. "वाजला तर ठेवू नकोस. म्हणावं, येतेय."

त्याला कारण तसंच होतं. वॉर्डात माई सात नंबरच्या पलंगावर, आठवर एक निवृत्त शिक्षिका. दोन्ही पलंगांच्या बेलची वायर एकच, आणि दोन्हीकडची बेल मुकी. दिवसपाळीच्या सिस्टरनं वायरमनला दोनदा सांगितलं होतं, पण तोंडी. तिसऱ्या दिवशी भर दुपारी शिक्षिकाबाईंनी बटण दाबदाब दाबलं. कुणी येईना म्हणून एकट्याच उठल्या आणि आडव्या झाल्या. खुबा मोडला. वायरमननं संध्याकाळीच गुपचूप वायर जोडून दिली आणि ऑफिसनं ठपका ठेवला सिस्टरवर: बेल वाजली, ही गेली नाही.

शिक्षिकाबाई औषधांच्या गुंगीत. साक्षीला राहिल्या माई.

"माझी चौकशी आहे हो, हा सोमवार सोडून पुढच्या सोमवारी," घरी सोडायच्या दिवशी सिस्टर पट्टी बांधता बांधता म्हणाली होती. "घरी गेल्यावर तुम्हाला फोन येईल, सगळं कसं होतं ते विचारायला. तेव्हा बेलचं तेवढं सांगाल?"

"सांगेन. शब्द दिला."

आणि माईंनी उभ्या जन्मात दिलेला शब्द काय, दिलेली शिवीसुद्धा परत घेतली नव्हती.

दहाव्या दिवशी, शुक्रवारी, त्यांनीच फोन लावला. तिकडून एक गोड आवाजाची मुलगी बोलली.

"आजी, तुमचं उत्तर तर आलंय. ऑनलाइन. जे ऑनलाइन भरत नाहीत त्यांनाच आम्ही फोन करतो."

"मी कशाला भरेन? मला मेलीला सहीपुरतं लिहिता येतं."

"ॲडमिशनच्या वेळी जो नंबर दिला होता, त्यावर फॉर्म गेला होता. तीस प्रश्न आहेत, सगळ्यांना पाचपैकी पाच."

"बेलचा प्रश्न आहे त्यात?"

"आहे ना. पलंगाजवळची बेल चालू होती का? पाच."

"खोडून टाक. शून्य लिही."

"शून्य नसतो आजी, एक ते पाच. आणि एकदा आलेलं उत्तर मला बदलता येत नाही."

"अगं, पलंगावर मी होते! गुडघा माझा कापला! आणि तू मलाच सांगतेस?"

मुलगी हळू आवाजात म्हणाली, "लेखी द्या, आजी. तुमच्या सहीनं. उद्या बारापर्यंत ऑफिस उघडं असतं. पण आधीच्या उत्तरात पाच आहे, हे ते विचारणारच."

धाकटा घरी आला तेव्हा माई काठी टेकून दारातच उभ्या होत्या.

"बेलला पाच कुणी दिले?"

"कुठली बेल? हां, ते होय! मी लिफ्टमध्ये होतो, आई. संपतच नव्हते ते प्रश्न. म्हटलं, देऊन टाकू सगळ्यांना पाच. कुणाचं वाईट कशाला करा?"

"तुझ्या पाचानं त्या पोरीची नोकरी जातेय."

माईंनी सगळं सांगितलं. या वेळी त्याचा अंगठा थांबला. तो वही घेऊन बसला आणि त्यानं पहिली ओळ लिहून वाचली, "आपल्या रुग्णालयातील सेवा अत्यंत समाधानकारक..."

"फाड ते! लिही: बेल बंद होती. मी स्वतः दाबून बघितली. सिस्टरनं वायरमनला माझ्यासमोर सांगितलं. आणि खाली लिही: ते पाच माझ्या मुलानं न वाचता दिले."

"आई, माझं नाव कशाला त्यात?"

"मग कुणाचं घालू, शेजाऱ्याचं?"

त्यानं लिहिलं. माईंनी एकेक अक्षर दाबून सही केली. कागद लिहून झाला तरी मनाचं समाधान होईना. उद्या ऑफिसातला माणूस हा चतकोर कागद धरेल की तीस पाच?

"सकाळी मीच नेऊन देतो," धाकटा म्हणाला. "आता तरी झालं ना?"

माईंनी पेनाचं टोपण लावलं.

"मीही येणार. ऐक. तू वाईट नाहीस रे. वाईट माणूस निदान प्रश्न वाचून खोटं बोलतो. तू तेवढेही कष्ट घेतले नाहीस. तुला एक. तोसुद्धा त्यांच्याकडे शून्य नसतो म्हणून."