मथुरेच्या बाजूची भिंत

बाळा कंत्राटदार आमच्या भिंतीवरची भेग बघून चुकचुकला, तेव्हाच माझं डोकं फिरलं. पाया खचलाय, घर पाडावं लागेल, असं त्याने माझ्या मुलाला, अनिशला, वसईला फोन करून सांगूनही टाकलं. अनिशचा तो शाळासोबती, म्हणजे घरचाच माणूस. झालं, अनिशने मला वसईला न्यायचं पक्कंच केलं.

नवरा गेल्यापासून मी इथे एकटी. पण जांभ्या चिऱ्याचं हे घर सोडून वसईच्या तिसऱ्या मजल्यावर राहायला माझं मन घेईना. मी अनिशला सरळ सुनावलं, "जो पाडूक सांगता, तोच बांधून देतलो. तेका इचारून काय फायदो?"

मग शोधाशोध मीच केली. कुडाळच्या दिव्या सावंत, स्ट्रक्चरल इंजिनिअर. परवाना आहे का, अहवाल लेखी देता का, आणि स्वतः बांधकामाची कंत्राटं घेता का, एवढंच फोनवर विचारलं. परवाना होता, अहवाल लेखी होता, कंत्राटं घेत नव्हत्या. म्हटलं, हीच बाई.

बाई आल्या, माळ्यावर चढल्या, भिंत ठोकली, पायाशी खणून बघितलं. मग म्हणाल्या, पलीकडची बाजू बघितल्याशिवाय मी काही लिहून देणार नाही. आली का पंचाईत! भिंत सामाईक, आणि पलीकडे माझी चुलत जाऊ मथुरा. सासऱ्यांच्या वेळच्या वाटणीपासून दोन्ही घरांची बोलाचाली बंद. माझं तर लग्नही त्यानंतरचं. बाळा काही पलीकडे गेला नव्हता.

घरासाठी नाक मुठीत धरून गेले. मथुरेने दार उघडलं, माझ्यामागे टेप घेतलेल्या बाई बघितल्या आणि कपाट सरकवायला लागली. मागे तीच भेग. सरळ वर गेलेली, वर आडवी वळलेली, पुन्हा खाली आलेली. पावसाळाभर तिचीही झोप उडाली होती.

इथे पूर्वी काही होतं का, बाईंनी विचारलं.

"दार होता," मथुरा म्हणाली. "वाटणी झाली तेव्हा माझ्या सासऱ्यांनी चिरे लावन बुजवल्यानी."

इतकी वर्षं या भिंतीला लागून राहिले, पण मला हे कोणी सांगितलं नव्हतं. नंतर भरलेले चिरे जुन्या भिंतीत गुंतवलेले नव्हते, म्हणून सांध्यावर गिलावा फुटला होता. बस्स, एवढंच. पाया धड, भिंत धड. गिलावा तेवढा नवा करा, बाई म्हणाल्या. मला रडूच फुटलं. इतकं हलकं वाटलं की मथुरेच्या जमिनीवरच बसकण मारली. तिने पाणी आणून दिलं.

मग तिने बाईंना विचारलं, "ते चिरे काढले तर भिंतीक काय होयत?"

"काही नाही. दारावरची तुळई शाबूत आहे."

मथुरा माझ्याकडे बघेना. शेवटी मीच बोलले.

"वैनी, मगे काढूयाच. नवो गिलावो कित्याक घालूचो?"