आबांनी उसना दिलेला चेहरा

मी एक जुना मोबाइल आहे. तारनाक्यातल्या एका घरात, टेबलाच्या खणात पडून असतो.

मित्रांनो, दोन वर्षं मी या घरातल्या रेणूच्या हातात होतो. शाळेत सगळ्या मुली तेलुगूत बोलायच्या, हिची भाषा मराठी, म्हणून ही गप्प. मग चित्रांच्या एका अ‍ॅपवर तिला रसिका भेटली. गाव ठाऊक नाही, नंबर नाही, नुसतं नाव. एकीनं अर्धं चित्र काढून पाठवायचं, दुसरीनं पुरं करायचं, असा त्यांचा रोजचा खेळ. रेणू खुदकन हसायची आणि मला धन्य वाटायचं.

मग सरकारचा नियम आला. सोळा वर्षांखालच्या मुलांची खाती बंद; कॅमेऱ्याला चेहरा दाखवून वय पटवायचं. चौदा वर्षांची रेणू रडकुंडीला आली. तिचे आबा, रेल्वेतून निवृत्त झालेले नामदेवराव, म्हणाले, "रडू नक्को गं. आण इकडं, माझं थोबाड दाखवतो."

चष्मा पुसून ते ऐटीत समोर बसले. खातं चालू राहिलं. रेणूनं हौसेनं माझ्या कुलपालाही आबांचाच चेहरा लावला. त्या लबाडीत मीही सामील होतो.

पुढं काही पालक त्या नियमाविरुद्ध हायकोर्टात गेले. त्यांच्या वकील मंगलाताई आमच्या शेजारच्याच. "नियम कसा पोकळ आहे, याचा एखादा दाखला हवा होता," त्या म्हणाल्या.

"हौ, आमच्याच घरात आहे की!" आबा बोलून गेले. ही सारी हकीकत लिहिलेल्या शपथपत्रावर त्यांनी झोकात सही केली. सगळ्यांनी त्यांची पाठ थोपटली. रेणूला कुणी विचारलंच नाही.

ते शपथपत्र अ‍ॅपच्या कंपनीच्या वकिलांनीही वाचलं. आठवड्यात रेणूचं खातं कायमचं बंद झालं.

चार महिन्यांनी कोर्टानं नियमाला स्थगिती दिली. मंगलाताईंनी पेढे आणले. रेणूनं नवं खातं उघडलं आणि रसिकाला शोधलं. रसिका ढिगानं निघाल्या. तिची एकही नव्हती. त्या दिवशी तिनं मला खणात ठेवलं. फार एकटं वाटतं इथं.

मित्रांनो, मोठे होऊन तुम्ही नियम कराल, कोर्टात भांडालही. जिच्यासाठी भांडता, तिला आधी एकदा विचारा, एवढंच माझं मागणं.

कधी दुपारी रेणू शाळेत असताना आबा मला बाहेर काढतात, चष्मा पुसतात आणि चेहरा माझ्यासमोर धरतात. "उघड की रे," म्हणतात. मी त्यांना ओळखतो. रसिकाचं शेवटचं अर्धं चित्र दाखवतो. माझ्याजवळ तेवढंच उरलंय.